साताऱ्याहून लोणारच्या विवराकडे : दोन सकाळींचं नियोजन

लोणारला जाऊन आलेल्या बहुतेकांकडे एकच फोटो असतो. काठावरून काढलेला, मागे हिरवट पाणी. गाडीतून उतरायचं, दहा मिनिटं थांबायचं, तळाशी देऊळ असलेल्या कमळजा देवीला लांबूनच हात जोडायचे आणि शेगावच्या वाटेला लागायचं. पाचशे किलोमीटर जाऊन एवढंच पाहायचं, हे मनाला पटत नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर उल्का आदळून काळ्या बसाल्ट खडकात झालेलं आहे आणि सातारा-सांगलीचा माणूस याच खडकावर लहानाचा मोठा होतो. आपले गड, घाट, विहिरी सगळं त्याच पाषाणातलं. त्यामुळे लोणार वाचायची अर्धी तयारी आपल्याकडे आधीच असते. उरलेली अर्धी कशी करायची, ते पुढे क्रमानं सांगितलं आहे.

निघण्याआधी घरच्या दगडाशी ओळख

या तीन गोष्टी निघण्याच्या आठवड्यात करून घ्या. एका रविवारचं काम आहे.

पहिली गोष्ट, अजिंक्यताऱ्यावर किंवा सज्जनगडावर जाऊन आजूबाजूच्या डोंगरांच्या उतारांकडे नीट पाहा. कडा, मग उतार, पुन्हा कडा, अशा आडव्या पायऱ्या दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याच्या या पायऱ्या. मैलोन्‌मैल त्या जवळजवळ सपाट जातात. हा सपाटपणा डोळ्यांत साठवा, लोणारला त्याचीच आठवण लागणार आहे.

दुसरी गोष्ट, घाटात रस्त्यासाठी फोडलेल्या कडेला गोल गोल दगड मुरमात रुतलेले दिसतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे. खडक जागच्या जागी कुजला की तो असा गोल होतो. गोल दगड आणि भोवती मुरूम म्हणजे हळूहळू झालेली झीज, एवढं लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट चुंबकाची. जुन्या स्पीकरमधला चुंबक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि माहुलीला संगमाच्या वाळूत फिरवा. पिशवीला काळी बारीक रवाळ पूड चिकटून येते. ते मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं चुंबकीय खनिज. ते आपल्या बसाल्टमध्येच असतं आणि खडक झिजला की वाळूत उतरतं. लोणारला काठच्या रेतीत चुंबक फिरवून ‘ही बघा उल्केची पूड’ असं सांगणारे भेटतात. माहुलीची वाळू ज्यानं पाहिली आहे, त्याची फसगत होत नाही. होकायंत्राचंही तसंच. काळ्या पाषाणाजवळ सुई थोडी भरकटते, कारण खडकच चुंबकीय आहे. गावाजवळच्या निजलेल्या मोठ्या मारुतीची मूर्ती चुंबकीय दगडाची आहे असं जे सांगितलं जातं तेही श्रद्धेनं ऐकावं, पण उल्कापाताचा पुरावा म्हणून धरू नये.

कधी जायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात विवर हिरवंगार आणि देखणं होतं, पण झाडोऱ्यात खडक झाकला जातो, वाटा शेवाळून निसरड्या होतात आणि डासही फार. मार्चनंतर ऊन विदर्भाचं, त्यातून तुम्ही वाडग्याच्या तळाशी. वारा काठावरून निघून जातो, खाली उतरत नाही. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी खाली असणं धोक्याचं आहे. नवरात्रात कमळजा देवीची यात्रा भरते. दर्शनासाठी जायचं तर तेव्हा अवश्य जावं, खडक पाहायला मात्र ते दिवस टाळावेत.

वाट

गाडीनं साताऱ्याहून पुणे, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, जालना आणि पुढे लोणार असा पाचशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता आहे. चहा-जेवण धरून दहा-अकरा तास लागतात. संभाजीनगर किंवा जालन्यापासून समृद्धी महामार्गावर चढून सिंदखेडराजा किंवा मेहकरला उतरता येतं. मेहकर ते लोणार साधारण पंचवीस किलोमीटर. समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही, म्हणून मोटारसायकलवाल्यांनी जालन्याहून जुन्या रस्त्यानंच जावं. चारचाकीवाल्यांनी चढण्याआधी टायरची हवा थंड टायरवर तपासून घ्यावी. सिमेंटच्या सरळ रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगानं जाताना कमी हवेचा टायर तापतो आणि फुटतो.

सांगली-मिरजेच्या मंडळींना पुण्याला वळसा घालायची गरज नाही. मिरज, पंढरपूर, बार्शी, बीड, माजलगाव, परतूर, मंठा अशी वाट थेट लोणारात उतरते. रस्त्याची स्थिती मात्र टप्प्याटप्प्यानं बदलते, म्हणून हा प्रवास दिवसाउजेडी करा.

रेल्वेनं जायचं तर कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेस मिरज, सांगली, कराड, सातारा असं करत शेगावपर्यंत एका गाडीत नेते. शेगावी गजानन महाराजांचं दर्शन घेऊन खामगाव-मेहकरमार्गे लोणार, हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. एसटीनं मेहकरला गाडी बदलावी लागते. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर हा मार्ग सर्वांत सुखाचा.

मुक्काम लोणारातच करा. संभाजीनगरला राहून एका दिवसात जाऊन यायचा बेत केला, तर तुम्ही काठावर अकरा वाजता पोचता आणि तीच सगळ्यांत वाईट वेळ. ऊन डोक्यावर, सावल्या नाहीत, समोरची भिंत सपाट करडी दिसते. एमटीडीसीचं निवासस्थान काठाजवळच आहे, गावात लॉजही आहेत. डिसेंबरमधले शनिवार-रविवार आधी आरक्षित करावे लागतात.

बरोबर काय घ्यावं

पाणी माणशी दोन लिटर, मुलांसाठी वेगळं एक लिटर. गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की आणि मीठ-साखरेची पुडी. घोट्यापर्यंत येणारे, तळव्याला खाचा असलेले बूट. फुल पँट हवीच, कारण उतारावर वेड्या बाभळीचे काटे आहेत. वन विभागानं ती बरीच काढली तरी फुटवे येत राहतात. दुर्बीण असेल तर ८ × ४० ची पुरेशी. काच-भिंग दहा पटीचं. पाणी आम्ल की अल्कली ते दाखवणाऱ्या पीएच पट्ट्या १ ते १४ मापाच्या, प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतात. देवळांसाठी टॉर्च, गेटवर शुल्क भरायला सुटे पैसे आणि ओळखपत्र.

छिन्नी-हातोडी अजिबात नको. हे सुमारे ३६५ हेक्टरांचं वन्यजीव अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ स्थळही आहे. इथला खडाही उचलायचा नाही. ड्रोनही परवानगीशिवाय चालत नाही.

पहिली सकाळ : काठ

क्रम महत्त्वाचा आहे. आधी काठ, मग तळ. तळाशी आधी उतरलात तर झाडी, माकडं, देवळं आणि चिखल एवढंच दिसतं, आपण कशाच्या आत उभे आहोत ते कळत नाही.

पहाटे सहाला बाहेर पडा. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, म्हणजे काठाचा परीघ साडेपाच-पावणेसहा किलोमीटर भरतो. वाट वळणावळणाची असल्यामुळे पूर्ण फेरीला सात-आठ किलोमीटर चालणं होतं आणि पाहत गेलं तर चार तास लागतात. पूर्ण फेरी झेपणार नसेल तर पूर्वेकडचा अर्धा काठ धरा. सूर्य पाठीशी असतो आणि समोरची पश्चिम भिंत उजळून निघते.

निघताना विवराकडे पाठ करून आधी बाहेर पाहा. शेतं काठापासून हळूहळू खाली उतरत गेलेली दिसतील. आजूबाजूच्या सपाटीपेक्षा काठ वीस-तीस मीटर उंच आहे. गाडीतून येताना ही चढण जाणवतच नाही, म्हणून बहुतेकांचं तिच्याकडे लक्ष जात नाही. जमीन नुसती खचून खड्डा झाला असता तर कड अशी उचलली गेली नसती. इथे आघातामुळे आतून बाहेर प्रचंड दाब आला, थर वर उचलले गेले आणि आतून उडालेला मालही त्यांच्यावर येऊन पडला.

आता आत पाहा. भिंतीत लाव्ह्याचे पाच-सहा थर आहेत, अजिंक्यताऱ्यावरून पाहिलेत तसेच. बरेच जण इथे बुचकळ्यात पडतात. थर बाहेरच्या बाजूला कललेले आहेत असं वाचलेलं असतं आणि समोर तर ते आडवेच दिसतात. कारण साधं आहे. समोरच्या भिंतीतला थर तुमच्यापासून दूर, पलीकडे कललेला असतो आणि समोरून तुम्हाला फक्त त्याची कड दिसते. पुस्तक टेबलावर ठेवून त्याची पुढची कड उचला आणि समोरून पाहा. पानांच्या रेघा आडव्याच दिसतील. कल पाहायचा तर कड्याला आरपार चिरणारी घळ हवी. ईशान्येला धार या झऱ्याची घळ अशीच आहे, पाण्यानं काठ कापत नेलेली. तिच्या भिंतींकडे बाजूनं पाहा आणि मोबाइलमधलं पातळीमापक उघडून फोनची कड थराच्या रेषेला समांतर धरा. काठाच्या अगदी वरच्या भागात थर ठळकपणे बाहेर झुकलेले, काही जागी तर पार उलटून दुमडलेले आहेत. साताऱ्यात कोट्यवधी वर्षं आडवा पडून असलेला पाषाण इथे काही क्षणांत घडीच्या चादरीसारखा मागे उलटला. लोणारला डोळ्यांनी पाहण्यासारखं याहून मोठं काही नाही, असं आमचं ठाम मत आहे. घळीसाठी अर्धा तास वेगळा ठेवा.

काठाच्या बाहेर रस्त्याच्या कडेला किंवा विहिरीच्या खोदकामात जमीन उघडी दिसली तर थांबा. वेगवेगळ्या आकाराचे, टोकदार कोनांचे काळे तुकडे पिठासारख्या भुकटीत अस्ताव्यस्त कोंबल्यासारखे दिसतील. मुठीएवढा तुकडा दाराएवढ्या धोंड्याला चिकटलेला, थर नाही, चाळण नाही, काही नाही. हा विवरातून उडून पडलेला माल. तो काठापासून बाहेर किलोमीटरभराहून जास्त पसरलेला आहे. आता घाटातले ते गोल, पापुद्र्याचे दगड आठवा, फरक लगेच ध्यानात येतो. एक चूक मात्र वारंवार होते. छिद्रं पडलेला, छिद्रांत पांढरे खडे भरलेला दगड दिसला की लोक त्याला ‘वितळलेला’ म्हणतात. ती लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांची जागा आहे, नंतर झिओलाइट या खनिजानं भरलेली. असे दगड कोरेगावच्या विहिरीतही निघतात.

भिंगानं काय दिसत नाही, तेही आधीच कळलेलं बरं. आघाताचा पक्का पुरावा म्हणजे मॅस्केलिनाइट. खडकातलं फेल्डस्पार हे खनिज न वितळता, केवळ धक्क्याच्या दाबानं काचेसारखं झालं, की त्याला हे नाव. लोणारच्या खडकात ते सापडल्याचं १९७३ मध्ये प्रसिद्ध झालं आणि ज्वालामुखी की उल्का हा वाद जवळजवळ मिटला. पण ते पाहायला खडकाचा पातळ काप आणि सूक्ष्मदर्शक लागतं. उल्केचा तुकडा शोधत फिरू नका, एवढ्या वेगात आदळलेला मूळ गोळा बहुतेक वाफ होऊन जातो.

विवराच्या वयाबद्दल फलकांवर आणि पुस्तकांत दोन आकडे दिसतील. जुन्या, उष्णतादीप्तीच्या पद्धतीनं सुमारे ५२,००० वर्षं. नंतर आर्गॉन पद्धतीनं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. दोन्ही वाचून गोंधळू नका. पद्धती वेगळ्या आहेत आणि नवा आकडा वितळलेल्या काचेवरून काढलेला आहे. दोन्हींपैकी कोणताही धरला तरी इथला लाव्हा थंड होऊन सहा कोटींहून अधिक वर्षं लोटली होती, तेव्हा हे विवर लाव्ह्याच्या उद्रेकानं झालेलं असू शकत नाही.

दुपारी झोप काढा. चार वाजता गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ पाहा. लवणासुराला मारणारा विष्णू, ताऱ्याच्या आकाराचा पाया आणि बाहेरच्या भिंतींवरचं दाट शिल्पकाम. आतलं छत पाहायला टॉर्च लागेलच. लवण म्हणजे मीठ. विवराची गोष्ट गावानं आपल्या भाषेत फार पूर्वीच सांगून ठेवली आहे.

दुसरी सकाळ : तळ

गडाचा हिशेब इथे उलटा लागतो. गडावर दमून चढतो आणि उतरताना घरचं अंतर कमी होत जातं. इथे ताजेतवाने असताना उतार लागतो आणि ऊन चढल्यावर, पाणी संपत आल्यावर दीडशे मीटरची चढण. अजिंक्यताऱ्याच्या निम्मी म्हणा. त्रास होणाऱ्या बहुतेकांचं एकच कारण असतं, खाली वेळेचं भान सुटणं.

म्हणून गेट उघडताच आत शिरा. वेळ आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवा, ऋतूप्रमाणे बदलते. वाटाड्या घ्या. एकट्यानं उतरू नका, तळाशी मोबाइलला रेंज धड नसते. उतरायला पाऊण तास, तळाशी दोन तास, चढायला एक ते सव्वा तास. साडेनऊ वाजले की जिथे असाल तिथून परत फिरायचं, हे खाली जाण्याआधीच सगळ्यांच्या तोंडून वदवून घ्या. पाण्याची बाटली अर्धी झाली की तोही परत फिरण्याचा इशारा.

उतरताना पाऊल आडवं टाका. वाटेवरचे बारीक सुटे खडे बेअरिंगच्या गोळ्यांसारखे बुटाखाली फिरतात आणि माणूस पाठीवर आपटतो. दोघांत चार-पाच पावलांचं अंतर ठेवा, म्हणजे वरच्याच्या पायानं निसटलेला दगड खालच्याला लागणार नाही. पडक्या देवळांच्या छताखाली मधमाश्यांची पोळी असतात. गडांवरचा नियम इथेही पाळा. अत्तर नको, धूर नको, दंगा नको.

खाली आलात की आवाज बदलतो. वरचा रस्ता ऐकू येत नाही, मोराचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो. सागाची आणि सीताफळाची झाडं ओलांडली की मध्येच बाभूळ लागते आणि मग उघडा काठ. माणसाच्या पावलांगणिक झाडं बदलतात, कारण जमीन खारट होत जाते. पाण्याजवळ सडक्या अंड्याचा वास येतो. तो तळातल्या चिखलात प्राणवायूविना जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे.

काठाचा चिखल हा इथला खरा धोका. वर पांढरी खाराची पापडी धरलेली असते, उन्हात वाळून तिला भेगा पडतात आणि ती टणक वाटते. तिच्यावर पाय दिला की पापडी कडकन मोडते आणि खाली काळा, तेलकट गाळ पोटरीपर्यंत ओढतो. बूट तिथेच राहतो. काठीनं दोनदा ठोकून पाहा, काठी चार बोटं आत गेली तर पुढे जाऊ नका. सरोवराच्या तळाखाली गाळच सुमारे शंभर मीटर साचलेला आहे. पाण्याची पातळीही वर्षागणिक वरखाली होते. जास्त पावसाच्या वर्षांनंतर काठची वाट पाण्याखाली जाते, तेव्हा सरोवराला फेरी मारायचा हट्ट धरू नये. कमळजा देवीच्या देवळापर्यंतची वाट मोकळी आहे का, हे वाटाड्याला आधी विचारा.

आता पीएच पट्टी काढा. सरोवराच्या पाण्यात एक सेकंद बुडवून रंग तक्त्याशी ताडा. १० च्या आसपास येईल, पट्टी गडद निळी होते. हे पाणी साबणासारखं बोटांना बुळबुळीत लागतं. डोळ्यांना हात लावू नका आणि सोबतच्या पाण्यानं बोटं धुऊन टाका. दुसरी पट्टी परतल्यावर धारेच्या गोमुखाच्या पाण्यात बुडवा. तिथे गोडं पाणी आहे, पट्टी ७-८ च्या घरात थांबते. ही दोन पाणी एकाच विवरात आहेत! झऱ्यांचं आणि पावसाचं पाणी आत येतं, पण बाहेर जायला वाट नाही. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, असं हजारो वर्षं चाललेलं आहे. साबण आणि काच करण्याचा माल इथे मिळतो, अशी नोंद ऐन-ए-अकबरीतही आहे.

या पाण्यात मासे नाहीत. हिरवा रंग नीलहरित शैवालाचा. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा क्षारांत वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे तसं झाल्याचं तपासणीत निघालं. पाणी आटून खारटपणा वाढला की ते फोफावतात. गुलाबी पाणी दिसेल या आशेनं जाऊ नका, तो योग क्वचितचा. त्याऐवजी दुर्बीण काढून काठच्या उथळ पाण्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे आणि थंडीत आलेले चक्रवाक पाहा. घोरपड दिसली तर जागीच थांबा, ती स्वतः निघून जाते. माकडांसमोर पिशवी उघडू नका.

चढताना दर पंधरा मिनिटांनी सावलीत दोन मिनिटं बसा आणि घोट-घोट पाणी प्या. डोकं दुखायला लागलं, घाम थांबला किंवा मळमळलं, तर ते ऊन लागल्याचं लक्षण आहे. त्या माणसाला आहे तिथेच सावलीत बसवा, मानेवर-काखेत ओला रुमाल ठेवा, शुद्धीत असेल तर मीठ-साखरेचं पाणी द्या आणि बरोबरच्या दोघांना गेटवर धाडा. ‘थोडंच राहिलंय’ म्हणून त्याला ओढत वर नेऊ नका.

वर आल्यावर वेळ उरला तर उत्तरेला जवळच असलेलं अंबर तळं पाहून घ्या. परतीच्या वाटेवर सिंदखेडराजा लागतं. जिजाऊंचं जन्मस्थान आणि लखुजी जाधवांची समाधी, दोन्ही तासाभरात होतात. संध्याकाळपर्यंत जालना गाठा. रात्रीचा प्रवास टाळून तिथेच किंवा संभाजीनगरला मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी खंबाटकी उतरताना उजेडी त्या आडव्या थरांकडे पुन्हा एकदा पाहा.